सोनझालरीचं विसावं वर्ष

३ जून, मंगळवार

सकाळी सहाला १३ अंश, दव भरपूर. गोठ्यावरच्या माळ्याची तपासणी, ४५ मिनिटं. सोनझालर: शून्य.

घाबरायचं कारण नाही. एकोणीस वर्षांत जूनच्या पहिल्या आठवड्यात ती फक्त तीनदा दिसली आहे.

ही वही उद्या कुणा परक्याच्या हाती पडली तर, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. सोनझालर हा पतंग. पंख पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा ते वीस मिलिमीटर. रंग पुस्तकांत 'गुलाबी' लिहितात, ते चूक आहे. पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल वाइन सांडली तर दुसऱ्या दिवशी जसा डाग दिसतो, तो रंग. पुढच्या पंखांच्या कडेला दोन-दोन पिवळे ठिपके आणि चारी पंखांना सोनेरी झालर. बसते ती पंख सपाट पसरून, जणू कुणी टाचणीने डकवली आहे. तिची अळी वाळल्या गवतात, अगदी तळच्या थरात, रेशमाची नळी करून राहते आणि तेच गवत खाते. लॅटिन नाव मला तोंडपाठ आहे, पण आमच्या खोऱ्यात कुणी तिला नाव दिलेलं नाही. सोनझालर हे मी ठेवलेलं.

मी, लेनार्त झुपान, वय ५६, शिक्षण आठवी, लाकूड कारखान्यात करवत चालवली, आता पंचायतीच्या पाण्याच्या टाक्या बघतो. जे काही येतं ते स्वतः शिकलो. हे मिरवायला लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.

८ जून, रविवार

शून्य.

चर्चमधून परतताना अमालिया भिंतीपाशी वाट अडवून उभी. ती खालच्या वळणावरची, आमच्या शेताला लागून तिचं शेत. नवरा जोझे जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे तोंड सुटलेलं.

"काय प्रोफेसर, तुझ्या लाल माश्या आमच्याकडे मुक्कामाला आल्यात. परवा वाळत घातलेल्या चादरीवर तीन बसल्या होत्या."

"माश्या नव्हेत, पतंग. आणि तुझ्याकडे असतील ते पिठातले. त्यांचाही रंग तपकिरी-जांभळट असतो. माणसं फसतात."

"पिठातले? माझ्या घरात पिठात किडे? ये, डब्यात तोंड घालून बघ!"

"मी फक्त शक्यता सांगितली."

"तू शक्यताच सांग. जेवायला ये म्हटलं की मात्र तुला काहीतरी मोजायचं असतं."

मला खरोखरच मोजायचं होतं. घरी येऊन कालचा पाऊस मोजला. ४ मिलिमीटर.

१४ जून, शनिवार

शून्य.

आज एक गोष्ट पाहिली, ती लिहून ठेवणं भाग आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत अमालिया दर शनिवारी आमच्या माळ्यावर गवताचा चुरा न्यायला यायची. माळ्याच्या तळाशी बी, फुलं, पानांची भुकटी साठते. ती गरम पाण्यात टाकून पाय बुडवून बसलं की गुडघे हलके होतात, असं इथल्या बायका मानतात. माझी आईही करायची. पण आईला एक पोतं दीड महिना पुरायचं, आणि ही दर शनिवारी हजर. पोतं भरायला दहा मिनिटं लागतात. ही शिडीच्या पायरीवर बसून बोलत राहायची. सरासरी दीड तास. एकदा १ तास ५० मिनिटं, नोंद आहे.

शेवटची गाय विकली त्या शरद ऋतूत मी तिला सांगितलं, चुरा आता न्यायचा नाही, त्यात माझ्या अळ्या आहेत. ती म्हणाली, बरं. मग शनिवारी आली नाही.

तर आज दुपारी हीच बाई शेणखताने भरलेली ढकलगाडी चढावरून वर नेताना दिसली. मधे एकदाही थांबली नाही. अंतर मी नंतर पावलांनी मोजलं: साठ मीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जमत नाही. म्हणजे इतकी वर्षं ती मला खोटं सांगत होती. कशासाठी, ते समजत नाही. तो चुरा ती नेमका वापरायची कशाला?

२५ जून, बुधवार

शून्य. पण आज पत्र आलं.

राजधानीच्या संग्रहालयातून. डॉ. झार्या ह्रिबेर्निक. मी हिवाळ्यात पाठवलेला एकोणीस वर्षांचा तक्ता त्यांनी तपासला. एकाच माळ्यावर, एकाच माणसाने, एकही वर्ष न चुकता ठेवलेली अशी नोंद त्यांच्या पाहण्यात दुसरी नाही. विसावं वर्ष पूर्ण झालं की तक्ता छापायचा विचार आहे, माझ्या नावाने. ९ ऑगस्टला त्या स्वतः माळा बघायला येणार.

पत्र चार वेळा वाचलं. मग जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि समोर बसून जेवलो.

विसाव्या वर्षाच्या रकान्यात निदान 'एक' तरी हवा.

६ जुलै, रविवार

शून्य. आता लपवण्यात अर्थ नाही. गेली चार वर्षं: ४१, २३, ९, २.

कारणं शोधतोय. माझ्याकडून कसूर नाही, हे आधी लिहितो. गाय गेल्यावर मी माळा सोनझालरींसाठीच राखला. खिडक्यांना बारीक जाळी ठोकली, इतकी बारीक की मुंगी शिरणार नाही. पतंग टिपणाऱ्या पाकोळ्यांचा प्रश्न मिटला. वायव्येच्या कोपऱ्यात छप्पर आईच्या काळापासून गळायचं, तिथलं गवत काळं पडायचं. तिथे डांबरी पत्रा बसवला. आता माळा कपाटासारखा कोरडा आहे. तळच्या थराला गेली चार वर्षं कुणी हात लावलेला नाही. गवतही तेच आहे, शेवटच्या गायीच्या वर्षीचं.

याहून जास्त कुणी काय करणार?

खाली खोऱ्यात सगळे गवत ओलंच कापून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. शेतात पांढरे गठ्ठे पडलेले असतात. कारण तेच असावं.

२० जुलै, रविवार

ही नोंद लिहायला दोन तास लावले.

दुपारी अमालियाच्या मांडवाकडे गेलो. तिची चूक तिला समोरासमोर दाखवावी, एवढाच हेतू होता. तिचा मांडव म्हणजे गवत वाळवायचा जुना दुहेरी मांडव, ओकच्या खांबांचा, वर छप्पर, दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या. हल्ली दांड्यांवर चादरी असतात. खाली कोंबड्या, तुटकी ढकलगाडी, तीन बादल्या, नवऱ्याची सायकल. एका कोपऱ्यात कौलं सरकलीत आणि पाऊस आत येतो. मी तिला सहा वर्षं सांगतोय, कौलं बसव. त्या कोपऱ्यात गवताच्या चुऱ्याचा गुडघाभर ढीग, तळाशी दमट, वर कोंबड्यांनी उकरलेला.

ढिगाला काठी लावली. सोनझालरी उडाल्या.

मोजल्या. चौदा. पिठातले पतंग नव्हेत. चौदाच्या चौदा सोनझालरी.

"सांगितलं होतं ना!" अमालिया मागे येऊन उभी. "आता बोल. पिठातले म्हणे."

"हा ढीग कसला?"

"तुझाच. पोती आणायचे ना, ती इथे ओतायचे."

"पायांना नाही वापरायचीस?"

"वापरायचे कधीमधी," ती म्हणाली आणि कोंबडीला उगाच हाकललं. "आत ये. अक्रोड घातलेली पोतित्सा केली आहे. एकटीला पोतित्सा करणं म्हणजे वेडेपणा, पण केली."

मी म्हटलं, आज जमणार नाही, घरी नोंद करायची आहे. तिने त्या गुंडाळलेल्या गोड पावाचा एक तुकडा कागदात बांधून दिला. चांगला होता. अक्रोड जरा जास्त भाजले होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या त्या येणार. माळ्यावर शून्य.

एकोणीस वर्षांत या वहीत मी एकही आकडा फुगवला नाही. २००७ साली एक अर्धवट पंख सापडला होता, तो मी मोजला नाही. हे आधी लिहितो, मग पुढचं.

दुपारी काचेच्या सहा बरण्या घेऊन अमालियाकडे गेलो. मला जिवंत सोनझालरी हव्या आहेत एवढंच सांगितलं. तिने काही विचारलं नाही. ॲप्रन खोचून माझ्याबरोबर ढिगापाशी गुडघ्यांवर बसली. (गुडघ्यांवर. पाऊण तास.) पहिली तिनेच पकडली. बरणी उन्हात धरून बघत राहिली.

"अगं बाई, केवढी सुंदर आहे रे ही. इतकी वर्षं मला वाटायचं तू गवतात काय शोधतोस."

"झाकण लाव, उडेल."

"यंदाच्या आधी तू असा कधी खाली आला नाहीस, लेनार्त. आमच्या जोझेच्या मयताला आला होतास तेवढाच. तेही दाराबाहेर उभा."

"तेव्हा पाऊस होता, बूट चिखलाचे होते."

ती हसली. कशाला, ते कळलं नाही. सहा बरण्या भरल्यावर आत बोलावलं. दारातून दिसलं, टेबलावर दोन ताटल्या मांडल्या होत्या, आणि निळ्या काठाची ती भांडी जी लग्नकार्याला काढतात. कुणी पाहुणा येणार असेल असं वाटून मी निघालो.

बरण्या माळ्यावर उघडल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

डॉ. ह्रिबेर्निक वयाने तिशीच्या. डोंगर चढून आल्या तरी धाप नाही. मला 'झुपानसाहेब' म्हणत होत्या. वह्या बघितल्या, माझं अक्षर बघितलं, म्हणाल्या, "असं काम आमच्याकडचे पगारी लोक करत नाहीत." ऊर भरून आला.

मग माळा. भिंतीवर दोन सोनझालरी होत्या, तुळईवर एक. त्या खूष झाल्या. मग खाली बसून तळचं गवत मुठीत घेतलं. मुठीतून धूळ गळली. अजून एक मूठ. मग जाळीकडे बघितलं, मग पत्र्याकडे.

"ही जाळी कधीची?"

"चार वर्षांपूर्वीची. मी स्वतः ठोकली."

"आणि छप्पर गळत नाही ना अजिबात?"

"थेंबही नाही."

त्यांनी हात झटकले. मग हळू म्हणाल्या, "काका, अळीला तळाशी थोडी ओल लागते. हे गवत तिला दगडासारखं आहे. बाहेरून यायची वाटही बंद. मग हे तीन कुठून आले?"

सकाळपासून साहेब होतो, आता काका झालो.

मी सांगितलं. बरण्या, अमालियाचा मांडव, सगळं. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मला तो मांडव दाखवाल का?"

दाखवला. मी वर येऊन बाकावर बसलो. अमालिया आणि त्या तीन तास खाली होत्या. हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. निळ्या काठाच्या ताटल्यांत जेवल्या असाव्यात.

१० ऑगस्ट, रविवार

विसावं वर्ष: ०.

शाईने लिहिलं. तक्ता छापू नये असं संग्रहालयाला कळवलं.

अमालिया चर्चबाहेर भेटली. संग्रहालयाच्या पोरीने तिला सगळं सांगितलेलं होतं.

"म्हणजे बरण्या त्यासाठी होत्या."

"हो. तुला सांगायला हवं होतं."

"तरीच. मला वाटलं..."

वाक्य पुरं केलं नाही. मी विचारलं, काय वाटलं? म्हणाली, "काही नाही रे. कोंबड्यांना दाणे टाकायचेत." दाणे तिने सकाळीच टाकले होते. इथून दिसतं.

१४ सप्टेंबर, रविवार

अमालिया आज वर आली, चार वर्षांत पहिल्यांदा. शिडीवर बसली नाही, फाटकापाशीच उभी राहिली.

जुनं लाकूड विकत घेणारा माणूस तिच्याकडे येऊन गेला. मांडव उचलून नेणार, कुठल्याशा हॉटेलात उभा करणार. ग्राट्स शहरात राहणारा तिचा मुलगा म्हणतो, दे आणि इकडे ये, एकटी काय करतेस तिथे.

"तू काय म्हणतोस?" तिने विचारलं.

मी नीट विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, मुख्य खांब ओकचे आहेत आणि निरोगी आहेत, दांड्या स्प्रूसच्या, त्यातल्या सात-आठ बदलाव्या लागतील. जोडकाम जुन्या पद्धतीचं, लाकडी खुंट्यांचं, खिळा नाही. अशी वस्तू सोडवताना प्रत्येक तुकड्यावर आकडा घालायला सांग, म्हणजे पुन्हा नीट उभी राहील.

"आकडा घालायला सांगू?"

"हो. खडूने नको, पुसतो. कोरून."

"बरं," ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी म्हणाली होती तसंच.

गेल्यावर वाटलं, तिने लाकडाबद्दल विचारलं नसावं. पण मग तिने तसं म्हणायला हवं होतं. मी मला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संत मार्टिनचा दिवस. आजपासून नव्या द्राक्षरसाला वाइन म्हणायचं. खाली चर्चच्या अंगणात बदकं भाजली, गाणी झाली. मी गेलो नाही.

मांडव काल गेला. दोन दिवस लागले. त्यांनी आकडे खडूनेच घातले. जागेवर पिवळं पडलेलं गवत उरलंय, ११.४ मीटर बाय ५.६. कोपऱ्यातला चुरा फावड्याने उचलून शेतात पसरला. तिथे पाऊस पडतोय.

अमालियाला न्यायला मुलगा आला होता. मी कौलांवरून बघत होतो. कौलं बघायचं काम खरंच होतं. ती गाडीत बसायच्या आधी वर बघत थांबली. मी हात हलवला की नाही, आता आठवत नाही. ही नोंद अपुरी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फाटकाशी एक पोतं सापडलं. तोंड ॲप्रनच्या नाडीने बांधलेलं. आत गवताचा चुरा, तळाशी दमट. नाडीत कागद: 'गुडघ्यांसाठी.'

माझे गुडघे ठणठणीत आहेत.

दुपारी जाळी काढली. तीस खिळे. मग वायव्येच्या कोपऱ्यातला डांबरी पत्रा उचकटला. स्वतः बसवलेली वस्तू स्वतः उचकटायला वेळ लागतो, कारण आपण ती चांगली बसवलेली असते. पोतं त्याच कोपऱ्यात ओतलं. वाकून बघितलं. दोन रेशमी नळ्या दिसल्या. आत कुणी आहे की नाही, हे बघायला त्या फाडाव्या लागल्या असत्या. फाडल्या नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

उणे ९. बर्फ ३१ सेंटिमीटर.

आज कुणी आलं नाही.

(हे का लिहिलं, माहीत नाही. शनिवारी गेल्या चार-पाच वर्षांत कुणीच येत नाही.)

११ एप्रिल, शनिवार

छप्पर गळतंय. ठीक आहे.

शिडीच्या तिसऱ्या पायरीचं लाकूड मधोमध झिजलं आहे, इतर पायऱ्यांपेक्षा ६ मिलिमीटर जास्त. इतकी वर्षं चढतोय, आज लक्षात आलं. चढण्या-उतरण्याने सगळ्या सारख्या झिजायला हव्यात. ही बसण्याने झिजली आहे.

१४ जून, रविवार

सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. चुना लावलेल्या भिंतीवर, शिडीच्या डाव्या हाताला, जमिनीपासून १२२ सेंटिमीटरवर. सोनझालर. एक. १९ मिलिमीटर. उजव्या पंखाची झालर किंचित चुरगळलेली, म्हणजे नुकतीच नळीतून बाहेर आलेली.

मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलो आणि बघत राहिलो. ती उडेपर्यंत. १ तास ५५ मिनिटं.

तक्त्यात आकडा कुठे घालायचा यावर बराच विचार केला. मागच्या वर्षी शून्य आहे, म्हणजे साखळी तुटलेली आहे, ते मान्य. शेवटी नवीन पान काढलं. वर्ष पहिलं: १. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अमालियाच्या पोत्यातून.

मग तिला पत्र लिहायला बसलो. पत्ता तिच्या मुलाने पोस्टात ठेवला होता. पहिल्या कागदावर वेळ, उंची, मापं लिहिली. वाचून बघितलं, हे तर वहीतच आहे. दुसऱ्या कागदावर लिहिलं की मांडवाच्या जागेवर आता गवत उगवलंय, पण बाकीच्यापेक्षा जास्त हिरवं, जागा अजून ओळखू येते. हे ठेवलं. कौलांचं तूच बरोबर केलंस, बसवली नाहीस ते बरं झालं, हेही लिहिलं. निळ्या काठाच्या ताटल्या घेऊन गेलीस का, हे विचारलं.

आणि शेवटी लिहिलं: 'चुरा पाण्यात किती वेळ ठेवायचा आणि पाणी किती गरम हवं, ते मला कुणी दाखवलेलं नाही. आता चुरा आहे. शनिवारी मी घरीच असतो. हल्ली माझे गुडघे दुखतात.'

पत्र दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य खरं नाही. खोडायला पेन उचललं होतं.

तसंच ठेवलं. पाकीट चिकटवलं.